विसावा की खाडा?

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला दहा आज्ञा तोंडपाठ कराव्या लागत. त्यांतली तिसरी आज्ञा मला सर्वांत सोपी वाटे, कारण ती पाळण्यात आमचे काहीच जात नव्हते. रविवारी शाळेला सुट्टी असे. मिस्सेला जायचे, दुपारी पोटभर जेवायचे आणि दिवेलागणीपर्यंत हुंदडायचे. प्रभूचा दिवस पवित्र पाळल्याचे पुण्य आयतेच पदरात पडे.

आमची वसईतली वाडी केळीची आणि भाजीपाल्याची. विहिरीवर रहाट होता व तो ओढण्यासाठी एक बैल होता. आठवड्याचे सहा दिवस डोळ्यांवर झापड बांधून तो विहिरीभोवती फिरत राही. रविवारी मात्र आजोबा रहाट जुंपत नसत. उन्हाळ्यात केळी तहानलेली असली, तरी शनिवारीच जादा पाणी देऊन ठेवीत. रविवारी बैल आंब्याच्या सावलीत रवंथ करीत बसलेला असे. कुणी टोकले तर आजोबा म्हणत, "अरे, मुक्या जनावरालाही रविवार असतो." आजोबांचे हे वाक्य मी मोठ्या अभिमानाने अनेकांना सांगितले आहे.

त्याच रविवारी माझी आई पहाटे चारला उठत असे. पहिली मिस्सा आटोपून ती घाईघाईने परत येई आणि पाट्यावर मसाला वाटायला बसे. मोठी मिस्सा सुटली की आत्या, काका, मामा असे कुणी ना कुणी जेवायला येत. मटण, भात, तांदळाच्या भाकऱ्या. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, शेवटी बायकांची. आईच्या ताटात भात पडेपर्यंत तीन वाजलेले असत. त्यानंतर भांड्यांचा ढीग. इतर सहा दिवसांपेक्षा रविवार तिला अधिक जड जाई. बैलाचे जू आठवणीने उतरवणाऱ्या माझ्या आजोबांना हे कधी दिसले नाही. ते कठोर मनाचे नव्हते. मलाही दिसले नाही, आणि मी तर रोज शेवटचा वर्ग संपेपर्यंत आज्ञा घोकत होतो.

एकदा वर्गात मी फादरांना विचारले होते, "रविवारी स्वयंपाक करणे पाप आहे का?" फादर हसून म्हणाले, "नाही रे बाळा, घरातली आवश्यक कामे करायला हरकत नाही." त्यांचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरूनच होते. आज साठी उलटल्यावर मला वाटते, की पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला. आवश्यक काय, हे ठरवायचे कुणी? जो ताटावर बसतो त्याने, की जी चुलीपुढे बसते तिने?

या प्रश्नाच्या उजेडात मूळ आज्ञा पुन्हा वाचून पाहण्यासारखी आहे. बायबलमध्ये दहा आज्ञा दोन ठिकाणी आल्या आहेत: निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. शब्बाथ पाळायचा हा आदेश दोन्हींकडे सारखाच आहे. त्याची कारणे मात्र वेगळी दिली आहेत. निर्गम सांगतो, की परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादात सृष्टीचा उल्लेख नाही. तेथे परमेश्वर इस्राएलाला आठवण करून देतो, की तू मिसर देशात गुलाम होतास आणि मी तुला तेथून बाहेर काढले. म्हणून तुझ्या दासालाही आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे.

म्हणजे ही आज्ञा ज्याला केली आहे त्याच्या थकव्यापाशी ती थांबत नाही. त्याच्या हाताखाली कोण थकत आहे, हे ती विचारते. दोन्ही ठिकाणी एक यादी दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका. या यादीत पत्नी नाही. अनेक भाष्यकार त्याचे कारण असे देतात, की आज्ञेतला 'तू' हा शब्द पती-पत्नी दोघांनाही उद्देशून आहे. घराच्या धन्याइतकीच ती धनीण आहे, म्हणून तिला वेगळे मोजले नाही. अर्थ मोठा सुंदर आहे. परंतु आमच्या घरात तो 'तू' माजघराचा उंबरठा ओलांडून आत कधी गेलाच नाही. बैल यादीत होता म्हणून त्याला सुट्टी मिळाली. आई यादीत नव्हती.

निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात ही आज्ञा पुन्हा एकदा येते. बैलाला व गाढवाला विसावा मिळावा आणि दासीच्या मुलाला व परक्याला ताजेतवाने होता यावे, असे तेथे म्हटले आहे. येथे वापरलेले हिब्रू क्रियापद श्वास किंवा जीव या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. दम टाकणे, जिवात जीव येणे असा त्याचा भाव आहे. संपूर्ण हिब्रू बायबलात ते अवघे तीनदा आले आहे. एकदा थकलेल्या दावीद राजासाठी, एकदा दासीच्या मुलासाठी, आणि एकदा, निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात, साक्षात परमेश्वरासाठी. सृष्टी घडवून झाल्यावर देवाने जो श्वास घेतला, तोच श्वास दासीच्या पोराला घेता आला पाहिजे. यापेक्षा मोठा मान माणसाला कोणत्या शब्दांत देता आला असता?

ही आज्ञा ज्या लोकांना मिळाली त्यांना विसावा ठाऊक नव्हता. ते वीटभट्टीवरचे गुलाम होते. मोशे आणि अहरोन फारोकडे गेले तेव्हा फारोने त्यांच्यावर आरोप केला, की तुम्ही या लोकांना कामापासून थांबवीत आहात. त्या वाक्यातले थांबवण्याचे हिब्रू क्रियापद आणि शब्बाथ हा शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. लोक आळशी झाले आहेत असे म्हणून फारोने त्यांना पेंढा देणे बंद केले, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली. विसाव्याला आळस म्हणण्याची रीत अशी फार जुनी आहे. ती प्रथम कोणाच्या तोंडून निघाली, हे आपण लक्षात ठेवलेले बरे.

मिसरमधून निघाल्यावर आणि सीनाय पर्वतावर पोहोचण्यापूर्वी, रानात मान्ना मिळू लागला तेव्हा, या लोकांनी पहिला शब्बाथ पाळला. रोज लागेल तेवढाच मान्ना गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तो सातव्या दिवसापर्यंत चांगला राही. तरीसुद्धा काही लोक सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडलेच, आणि रिकाम्या हाताने परतले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या लोकांचे हसू येई. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या 'न राबणाऱ्याला भाकर नाही' या धाकात गेल्या, त्यांचा दुप्पट वाट्यावर विश्वास बसणार तरी कसा? देवाने त्यांना केवळ थांबायला सांगितले नाही. थांबलेल्या दिवसाची भाकर त्याने आदल्या दिवशी त्यांच्या पदरात घातली. या गोष्टीकडे मी पुन्हा वळणार आहे.

विसावा हे श्रमाचे बक्षीस आहे, आधी कमवावा आणि मग भोगावा, असे आपण धरून चालतो. उत्पत्तीचा पहिला अध्याय वेगळेच सांगतो. मानव सहाव्या दिवशी निर्माण झाला. म्हणजे त्याच्या आयुष्यातला पहिला पूर्ण दिवस सातवा, विसाव्याचा. त्याने अजून एक ढेकूळही फोडले नव्हते, आणि विसावा त्याच्यापुढे वाढून ठेवलेला होता. जे कमवावे लागत नाही, तेथे पात्रता विचारण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. 'तिने एवढे काय केले म्हणून तिला सुट्टी?' हा प्रश्नच मग विश्वासाच्या विरुद्ध जातो.

प्रभू येशूने शब्बाथ मोडला, असा आरोप त्याच्यावर झाला. संत लूकने तेराव्या अध्यायात सांगितलेला प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. सभास्थानात एक बाई आली होती. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली होती, तिला सरळ उभे राहता येत नव्हते. येशूने तिला आपण होऊन जवळ बोलावले आणि बरे केले. सभास्थानाचा अधिकारी रागावून लोकांना सांगू लागला, की कामासाठी सहा दिवस आहेत, तेव्हा येऊन बरे व्हा. त्यावर येशूने विचारले, की तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव ठाणावरून सोडून पाण्यावर नेतो ना? मग अब्राहामाच्या या मुलीला शब्बाथ दिवशी बंधनातून सोडवायला नको काय?

हे शुभवर्तमान मी मिस्सेत किती वेळा ऐकले असेल! आमचा बैल आणि आमची आई मला त्यात दिसली ती आईच्या कमरेला खरोखर बाक आल्यानंतर. त्या अधिकाऱ्याला मी ढोंगी समजत आलो होतो. तो आजोबांसारखाच, माझ्यासारखाच, नियम पाळणारा सरळ माणूस असावा. नियमात बसणारा बैल त्याला दिसत होता आणि समोर वाकून उभी असलेली बाई दिसत नव्हती.

ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या काळात आपल्या पूर्वजांना रविवारची सुट्टी नव्हती. पुनरुत्थानाचा दिवस म्हणून ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी एकत्र येत, पण रोमन साम्राज्यात तो कामाचा दिवस होता. त्यांच्यात दासदासी पुष्कळ होत्या. सुमारे ११२ साली प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात, हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, असा उल्लेख आहे. पुढे, १५५ सालच्या सुमारास, संत जस्टिनने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वाचने, प्रबोधन, प्रार्थना, भाकर व द्राक्षरस. त्यानंतर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यांचा वाटा पोहोचवीत. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची सोय होत असे. सुट्टी नसलेल्या त्या लोकांचा रविवार अनुपस्थितांची आठवण ठेवणारा होता.

३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने कायद्याने रविवारची सुट्टी दिली. न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी त्या दिवशी काम बंद ठेवावे, असा हुकूम निघाला. शेतीच्या कामाला मात्र त्यातून मोकळीक होती. पेरणीचा मुहूर्त टळू नये, हे कारण होते. कारण खोटे नव्हते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस ते नाकारणार नाही. पण स्वतःच्या शेतात स्वतःच्या मर्जीने राबणारा आणि दुसऱ्याच्या शेतात हुकमाने राबणारा, या दोघांनाही ती मोकळीक एकसारखी कशी वाटली असेल? तेथेही आवश्यक काय, हे वरूनच ठरले होते.

आपल्या मुंबईतल्या गिरणी कामगाराला रविवार कसा मिळाला, हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यांतल्या मागण्या होत्या. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्या मागणीमागे होते असे सांगतात. रविवार पाळणारे गोरे मालक आणि अधिकारी तेव्हा मुंबईत कमी नव्हते. तरी कामगाराच्या विसाव्यासाठी उभा राहिला तो एक सत्यशोधक. अनुवादातली तिसरी आज्ञा त्याने आपल्या परीने पाळली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, परमगुरू तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात कामगाराच्या विसाव्याच्या हक्काचा आग्रह धरला.

आता कुणी म्हणेल, की सर्वांनीच रविवारी हात बांधून बसायचे ठरवले तर जग चालेल कसे? आपल्या धर्मग्रामांतल्या कितीतरी मुली परिचारिका आहेत. त्यांनी रविवारी रुग्णाला सोडून यावे काय? आगगाड्या, पाणीपुरवठा, पोलिस, दवाखाने थांबू शकत नाहीत. १९९२ साली मान्यता मिळालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने याचा विचार केला आहे. सार्वजनिक सेवेसाठी काहींना रविवारी काम करावे लागते, त्यांनाही पुरेसा विसावा मिळावा, हे सांगताना त्याच ठिकाणी प्रत्येक ख्रिस्ती माणसाला सूचना केली आहे, की प्रभूचा दिवस पाळण्यात अडथळा येईल अशी विनाकारण मागणी त्याने इतरांकडे करू नये. विनाकारण हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णाची तहान आणि माझी जिभेची हौस, या दोन्हींना 'आवश्यक' म्हणता येणार नाही. आज हातातल्या फोनवर बोट टेकवले, की रविवारच्या भर दुपारी कुणाचा तरी मुलगा पाठीवर पेटी बांधून आपल्या दारात जेवण घेऊन उभा राहतो. आपण आईला चुलीपासून मोकळे केले असे समजतो. ते जू आपण फक्त दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेले असते.

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. आम्ही दोघेही नोकरी करीत होतो. आईने ऐंशी ओलांडली तेव्हा घरकामाला जवळच्या पाड्यावरून एक बाई येऊ लागल्या. रविवारीही त्या येत, किंबहुना पाहुणे असल्यामुळे रविवारी जास्त वेळ थांबत. एका रविवारी त्याच वाकलेल्या बाईचे शुभवर्तमान ऐकून मी घरी आलो आणि ओट्यामागे भांडी घाशीत बसलेली त्यांची वाकलेली पाठ समोर दिसली. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या औदार्याने त्यांना सांगितले, "यापुढे रविवारी येऊ नका, विश्रांती घ्या."

त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "काका, मग खाडा धरणार ना?"

महिन्यातले चार-पाच दिवसांचे पैसे कापले जातील, ही त्यांची भीती होती. माझ्या मनात पैसे कापायचे नव्हते, असे मला म्हणता आले असते तर बरे झाले असते. खरे सांगायचे तर, मी त्याचा विचारच केला नव्हता. मला मान्ना आठवला तो त्या क्षणी. भाकरीशिवाय दिलेला विसावा हा शब्बाथ नसतो, तो खाडा असतो. उपाशी माणसाला थांब म्हणणे सोपे आहे. देवाने थांब म्हणण्यापूर्वी दुप्पट वाटा दिला होता.

त्यांचा पूर्ण पगार कायम ठेवून रविवारची सुट्टी ठरली. स्वयंपाक मी आणि मुलांनी करायचा, एकच भाजी, भात आणि आमटी, असेही ठरले. पहिल्या रविवारी आम्ही उठण्याआधीच आईने मसाला वाटून ठेवला होता. दुसऱ्या रविवारी तिला हाताला धरून ओट्यावर बसवले, तर ती शेजारणीकडून वाल मागून आणून सोलत बसली. सातव्या दिवशी टोपली घेऊन निघालेल्या इस्राएलांना मी यापुढे हसणार नाही. आयुष्यभर जिला कुणी थांबू दिले नाही, तिला थांबणे शिकायला वेळ लागतो, आणि आम्ही तिला तो शिकवायला फार उशिरा निघालो होतो. पुढे पुढे ती नुसती बसू लागली. संध्याकाळी हातात जपमाळ असे, कधी तीही नसे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसे. आमटी खारट झाली की हसे. तशी तीन वर्षे तिला मिळाली.

पहिल्या सुट्टीनंतरच्या सोमवारी त्या बाई कामाला आल्या, तेव्हा मी विचारले, "काल काय केलंत?" त्या लाजून म्हणाल्या, "काय नाय काका. न्हायले, पोरीचे केस विंचरले, दोघी जरा पडलो." दासीच्या लेकराला श्वास घेता यावा असे निर्गमात म्हटले आहे. त्याचा अर्थ इतका साधा असेल, असे मला कोणत्याही भाष्यग्रंथात वाचून कळले नसते.

प्रभूचा दिवस मिस्सेने पवित्र होतो, ही आपली श्रद्धा आहे आणि ती मला कमी करायची नाही. मिस्सेच्या शेवटी धर्मगुरू आपल्याला शांतीने जायला सांगतात. ती शांती घेऊन आपण जातो ते घरीच. येत्या रविवारी घरात पाऊल टाकल्यावर ताटावर बसण्यापूर्वी, आपल्या विसाव्याची किंमत आज कोण भरत आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे. ती जी कुणी असेल, तिला हाताला धरून बाहेर ओट्यावर बसवावे. आणि ती कामावरची बाई असेल, तर तिचा खाडा धरू नये.